म्हातारीचा सातबारा

जव्हारला आमच्या शेजारी राहणारे निवृत्त हवालदारकाका तिला म्हातारीच म्हणतात. थ्री नॉट थ्री रायफल. वजन जेमतेम चार किलो; पण मोखाड्याकडच्या पाड्यांवर मतपेट्यांसोबत चढ चढताना ते आठ व्हायचं, हे काकांचं गणित.

"रायफल ओळखायची तर आधी मान बघायची," ते सांगतात. लाकडी दस्ता सुरू होतो तिथे उजव्या अंगाला लोखंडावर सगळं कोरलेलं असतं. वर मुकुट, खाली जी. आर. आय., म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. मग बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचं नाव आणि साल. काकांची 1943 ची. हा तिचा सातबारा. फेरफारही त्यावरच चढतात: कारखान्यातून दुरुस्त होऊन आली की शिक्का आणि साल. नळीच्या बुडाचा नंबर बोल्टच्या मुठीमागच्या नंबराशी जुळला तर जोडी पहिल्यापासूनची, नाहीतर बोल्ट दुसरेपणाचा. त्या मुकुटाच्या राज्यात जव्हारच्या संस्थानिकांना नऊ तोफांची सलामी होती. 1948 ला संस्थान विलीन झालं, सम्राटही गेला. पुढच्या रायफलींवर अशोकस्तंभाचे सिंह आले. काकांच्या तळहाताखाली मात्र नोकरीभर मुकुटच राहिला.

मान बघून झाली की नळीत डोकावायचं. आत पिळदार खाचा दिसल्या तर रायफल. गुळगुळीत असेल तर ती मस्केट. 1857 नंतर देशी शिपायाच्या हाती धड बंदूक द्यायला साहेब कचरत असे. म्हणून पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी अशाच बंदुकींची नळी गुळगुळीत करून, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवून एकबारी मस्केट बनवल्या. दहा गोळ्यांच्या पोटात ठोकळा! अविश्वासाचा इतका सुबक नमुना मी दुसरा पाहिला नाही.

म्हातारीचं खरं वैर जव्हारच्या पावसाशी. चांदमारीहून आलं की जुन्या काडतुसांचा क्षार नळीत राहतो, आणि इथल्या हवेत रात्रीतून गंज धरतो. तेल त्यावर चालत नाही, पाणीच लागतं. काका किटलीभर उकळतं पाणी नळीतून ओतत. नळी इतकी तापायची की हात लागत नसे, आणि आपोआप कोरडी व्हायची. मग पुलथ्रूच्या दोरीला तेलाची चिंधी. पहिली काळी निघते, दुसरी तपकिरी. पांढरी निघेपर्यंत जेवायचं नाही.

आणि किंमत? परदेशात ती कलेक्टर ठरवतो, म्हणजे जुन्या वस्तू जमवणारा. ईशापूरच्या निवृत्त रायफली पेट्या भरून अमेरिकेत विकल्या गेल्या. तिथे नंबर जुळले, लाकूड मूळचं असलं की भाव चढतो. घासूनपुसून चकचकीत केली की पडतो. हे ऐकून काका खूप हसले. जन्मभर चकचकीत नसली म्हणून बोलणी खाल्लेला माणूस! आपल्याकडचा कलेक्टर पालघरला बसतो आणि हिचा परवाना देत नाही. थ्री नॉट थ्रीचा बोअर खाजगी माणसाला निषिद्ध. सैन्याची काडतुसं बाहेरच्या बंदुकीत चालू नयेत, ही इंग्रजाची धास्ती. म्हणून परवानाधारकाला मिळते ती .315, हिचीच धाकटी बहीण. थोरलीला बाजार नाही, त्यामुळे भावही नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात सीएसटी स्थानकावर दहशतवाद्यांच्या एके-47 समोर हीच उभी राहिली, आणि नंतर जो तो तिला हसला. काकांना तो विषय काढलेला आवडत नाही.

तिला जमा करायचा दिवस आला तेव्हा नोंदवहीत लिहिणाऱ्याने साल विचारलं, नंबर विचारला आणि किमतीचा रकाना रिकामा सोडून वही मिटायला घेतली. काकांनी चिंधी मागितली. नळीतून एकदा ओढली. तपकिरी निघाली.

"थांब जरा," ते म्हणाले, "अजून एक दे."