मूळ गावाला जायचे ठरले

झाशीच्या जुन्या शहरातल्या एका मराठी घरात दिवाळीपासून एकच विषय चालू आहे. कोकणात जायचे! आजी ब्याऐंशी वर्षांच्या. लग्न होऊन ग्वाल्हेरहून झाशीला आल्या. महाराष्ट्र पाहिला तो एकदा पंढरपूरला गेल्या तेवढाच. मराठी बोलता बोलता मध्येच 'अरे, सुन तो जरा' येतेच. पण रोज देवघरात ज्या कुलदेवीचे नाव घेतात, तिचे देऊळ या घरातल्या चार पिढ्यांत कोणी पाहिलेले नाही. ‘‘एकदा ओटी भरून येते, मग डोळे मिटले तरी चालेल,’’ असे त्यांचे म्हणणे. नातवंडांच्या लेखी मात्र कोकण म्हणजे परदेशच.

झाशीत मराठी माणूस आला तो पेशव्यांच्या काळात. छत्रसालाने पहिल्या बाजीरावाला राज्याचा तिसरा हिस्सा दिला, १७४२ च्या सुमारास नारो शंकर सुभेदार झाले आणि पुढे नेवाळकर आले. नेवाळकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, लांजा तालुक्यातले कोट. सुभेदारांमागोमाग कारकून, भिक्षुक, आचारी असा गोतावळा आला. आपला पूर्वज त्यांतलाच, जवळच्याच गावचा, असे घरात सांगतात. कागद मात्र एकही नाही. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर लुटले, त्यात माणसे गेली तिथे कागदांची काय कथा! वरसईचे गोडसे भटजी तेव्हा झाशीतच होते. त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये ती लूट लिहून ठेवली आहे. ते कोकणातून पायी आले होते, दक्षिणेच्या आशेने.

आता मंगला एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढली की रत्नागिरी. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, त्याआधी हा बेत आजींच्या वयाला झेपलाच नसता. मुलगा रेल्वेतून निवृत्त झालेला, त्यामुळे गाड्यांचा हिशेब त्याच्याकडे. वाटेत नाशिकला उतरायचे असे त्याने ठरवले आहे. आजेसासऱ्यांनी तिथे श्राद्ध केल्याचे आजींनी ऐकले आहे, आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाचे मूळ गाव, वडील-आजोबांची नावे लिहिलेली असतात. आडनाव नि गाव सांगितले की बाड उघडते. पणजोबांची सही सापडली तर पुढचे सोपे.

वाद झाला तो पत्रावरून. ‘‘दीडशे-दोनशे वर्षांनी कोणी दारात उभे राहिले, की भाऊबंदांना पहिली शंका जमिनीची येते. आपल्याला वाटा नको, हे आधीच लिहा,’’ सूनबाई म्हणाल्या. मुलगा म्हणाला, ‘‘तसे लिहिले तर नसलेली शंकाही येईल.’’ दोघांचेही खरेच. पण भीती सूनबाईंचीच रास्त. कोकणात सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात आणि एकेका फणसावरून बोलणे बंद होते. शेवटी भाऊबंदांना न लिहिता देवळाच्या पुजाऱ्यांना लिहायचे ठरले. आम्ही पाच जण येणार, ओटी भरणार, मुक्काम लांज्याला करणार. बस्स, इतकेच.

आजींच्या गुडघ्यांना पाखाडीच्या पायऱ्या चढवतील का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यांनी मात्र ओटीसाठी चंदेरी साडी काढून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात उत्तर आले. ‘अवश्य या. तुमच्याकडे नवरात्रात दिवा कसा लावतात, देवीला नैवेद्य कशाचा, ते कळवा. म्हणजे तुम्ही कोणत्या घरचे, ते इथली म्हातारी माणसे सांगतील.’

पत्र वाचून आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातवाला वही घेऊन बसवले. दोन दिवस त्या सांगताहेत आणि तो लिहितो आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा पार गोंधळ आहे, पण मजकूर तिसऱ्या पानावर गेला आहे.