टोपेकाची टेकडी आणि रेडिओवरचा आवाज

अमेरिकेच्या नकाशावर बरोबर मध्यभागी बोट ठेवले तर ते कान्सास राज्यावर पडते. हा गव्हाचा मुलूख. इथला गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. थंडीत तो बर्फाखाली पडून राहतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. आपल्या रब्बीच्या माणसाला हे वेळापत्रक जरा उलटे वाटते. माझा मुलगा तिथल्या मॅनहॅटन नावाच्या गावी कृषी विद्यापीठात संशोधन करतो. (न्यूयॉर्कचे मॅनहॅटन ते वेगळे. हे गाव आपल्या तालुक्याच्या गावाहून फार मोठे नाही.) त्याच्याकडे गेलो असताना एका रविवारी आम्ही राज्याची राजधानी टोपेका पाहायला निघालो. अंतर सुमारे ९० किलोमीटर. वाटेत फ्लिंट हिल्सचे माळरान लागते. वर मातीचा पातळ थर आणि खाली चुनखडी व गारगोटी, त्यामुळे इथे नांगर चालला नाही. म्हणून कुरण टिकले आणि कुरणामुळे गुरे. आपल्याकडे असा माळ असता तर कोणीतरी सुरुंग लावून, माती टाकून द्राक्षे लावलीच असती!

टोपेकाच्या नैऋत्येला बर्नेट माउंड नावाची टेकडी आहे. पोटावाटोमी या आदिवासी जमातीचे अब्राम बर्नेट नावाचे पुढारी तिच्या पायथ्याशी राहत, त्यांचे नाव तिला पडले. आपल्याकडच्या हिशेबाने ही टेकडी म्हणजे टेकाडच. पण गावकऱ्यांच्या मनात तिचे स्थान फार मोठे होते. टेकडी गावाचे राखण करते, नैऋत्येकडून येणारे वादळ ती दुभंगते किंवा वळवते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ही आदिवासींची वाणी आहे असे सांगत. खरोखर त्यांनीच ती सांगितली की गोऱ्यांनी त्यांच्या नावावर खपवली, हे देव जाणे. आपल्या गावोगावी शिवेवरचा म्हसोबा किंवा डोंगरावरचा देव गारपीट अडवतो म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आता ‘वादळ’ म्हणजे कोणते ते सांगायला हवे. आपल्या कोकणकिनाऱ्यावर येते ते चक्रीवादळ. त्याचा घेर शेकडो किलोमीटर असतो आणि ते दोन-चार दिवस आधी कळते. टोर्नेडो ही वावटळीचीच जात, पण राक्षसी. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार हवा येते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते आणि वरून थंड, वेगवान वारे वाहतात. त्यातून उठलेला गडगडाटी ढग स्वतःभोवती फिरू लागतो आणि कधीकधी त्याची सोंड जमिनीला टेकते. ती टेकेल की नाही आणि कुठे टेकेल, हे बहुधा काही मिनिटेच आधी कळते. आपल्या देशातही हे घडते. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत अशा वावटळीने २८ माणसे मारली होती.

८ जून १९६६, बुधवार. आपल्याकडे मृग लागण्याचे दिवस. संध्याकाळी सातच्या सुमारास टोपेकाचे भोंगे वाजले. डब्ल्यू आय बी डब्ल्यू हे तिथले जुने स्टेशन. रेडिओ आणि टेलिव्हिजन दोन्ही त्यांचेच, आणि रेडिओवरच्या शेती-कार्यक्रमांसाठी ते नावाजलेले. त्या संध्याकाळी बिल कर्टिस नावाचा तरुण सहकाऱ्याच्या बदल्यात बातम्या द्यायला बसला होता. तो कायद्याचा विद्यार्थी. स्टेशनच्या छायाचित्रकाराने बाहेरून कळवले की टेकडीच्या बाजूची घरांची मोठी वसाहत वादळाने पुसून टाकली आहे. कर्टिसची बायको आणि लहानगी मुलगी त्याच शहरात होती. लोकांनी हातपाय गाळू नयेत आणि तरी जागचे हलावे, असे काय बोलायचे? तो म्हणाला, “देवासाठी तरी आडोशाला जा!” पुढे जवळजवळ अहोरात्र प्रसारण चालू राहिले.

दुसऱ्या एका रेडिओचा, त्या काळच्या ‘रेन’ स्टेशनचा, बातमीदार टेकडीपाशीच पहाऱ्याला होता. त्याला वाऱ्याने गाठले आणि फेकून दिले. तो जखमी झाला, पण वाचला.

राखणदार टेकडीवरूनच वादळ आले. सुमारे ८०० मीटर रुंदीचा पट्टा ३५ किलोमीटरपर्यंत नांगरत गेले. वॉशबर्न विद्यापीठ मोडले, राजधानीच्या घुमटालाही उडत्या मलब्याचा मार बसला. नुकसान त्या काळच्या १० कोटी डॉलरच्या घरात गेले. पुढे फुजिता या शास्त्रज्ञाने वादळांची प्रतवारी लावली, तेव्हा याला सर्वांत वरची, पाचवी प्रत मिळाली. आणि मेलेली माणसे? सोळाच्या आसपास. प्रत्येक जीव मोलाचा, हे खरेच. पण याच राज्यातल्या युडॉल या खेड्यात २५ मे १९५५ च्या रात्री, निजानीज होताना, असेच वादळ आले. वेळेवर सूचना पोचली नाही आणि त्या चिमुकल्या गावाची सुमारे ८० माणसे गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

टेकडीवर आता बगीचा आहे. तिथे बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी मुलाने ओळख काढली. १९६६ साली हे गृहस्थ सोळा वर्षांचे होते आणि गावाच्या या कडेलाच राहत. ते म्हणाले, “वडील जेवणाच्या टेबलावरून उठेनात. म्हणाले, टेकडी आहे, वळवील. भोंगा वाजला तरी बसून. पण आईने रेडिओ मोठा केला. ज्या स्टेशनवर आम्ही रोज सकाळी गुरांचे भाव ऐकायचो, तेच स्टेशन आमच्या पलीकडच्या वस्तीचे नाव घेऊन सांगत होते, ती गेली. वडील एक शब्द न बोलता उठले.”

ही मंडळी तळघरात उतरली. त्या काळी शिकवण अशी होती की तळघराच्या नैऋत्य कोपऱ्यात बसावे. वारा तिकडूनच येतो, तेव्हा घर उडाले तरी पलीकडे पडेल. यांच्या नैऋत्य कोपऱ्यात बटाट्याची पोती रचलेली होती, म्हणून सगळे उत्तरेच्या भिंतीला टेकले. घर पायावरून सरकले आणि भिंत कोसळली ती बटाट्यांवर. याच वादळानंतर कान्सास विद्यापीठाच्या जो ईगलमन यांनी पडलेली घरे पाहून नोंदी केल्या, तेव्हा शिकवण उलटी निघाली. नैऋत्य कोपरा आणि दक्षिणेची बाजू सर्वांत धोक्याची होती. (वास्तुशास्त्रवाल्यांनी यात आपले काही शोधू नये!)

मी विचारले, टेकडीवरची श्रद्धा मग संपली का? ते हसले. टेकडीच्या कुशीत वादळाच्या काही वर्षे आधी बांधलेली पाण्याची टाकी त्यांनी दाखवली. “लोक म्हणतात, टाकीसाठी टेकडी खोदली म्हणून ती कोपली.” म्हणजे समजूत मोडली नाही, तिने फक्त आपला बचाव शोधला. मला मात्र त्यांच्या वडिलांचे नवल वाटत राहिले. भोंगा सरकारी होता, तो त्यांनी ऐकला नाही. ओळखीच्या स्टेशनने ओळखीच्या जागेचे नाव घेतले तेव्हा ते उठले.

विस्तार कामात माझी तीस वर्षे होत आली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मी बांधावर उभे राहून पाहिली आहे. मोबाइलवर येणाऱ्या इशाऱ्यात बहुधा जिल्ह्याचे नाव असते. जिल्हा केवढा! शेतकरी म्हणतो, तिकडे कुठेतरी असेल. आपल्याकडे ओळखीचा आवाज नव्हता असे नाही. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे भरवली. आठवड्यातून दोनदा गावकरी संचाभोवती बसत, ऐकत, वाद घालत आणि प्रश्न केंद्राला कळवत. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ ही वाहिनी २००८ पासून माणदेशी बोलीत बोलते. अशा केंद्रावरचा निवेदक कुठली वाडी कोणत्या ओढ्याच्या अलीकडे आहे हे जाणतो, आणि वीज पडायच्या बेतात असेल तर त्या वाडीचे नाव घेऊ शकतो. आमच्या तालुक्यात असे केंद्र नाही. देवळाचा कर्णा आहे. तो काकडआरतीला वाजतो, आणि मागच्या वैशाखात एका सरपंचबाईंनी त्यावरून शिवारातल्या मेंढपाळांना नावे घेऊन झाडाखालून हाकलले होते. सगळे शिव्या देत उठले, पण उठले.