अंधार राहू दे

हिंगणघाट,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

दिवाळीला येतेस आणि सोबत नवा कॅमेराही आणतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. रोषणाईचे रात्रीचे फोटो शिकवा, हा तुझा निरोपही पोचला. तर बेटा, पहिला धडा हा की रात्र व्हायची वाट पाहू नको.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे पावणेसहाच्या आत दिवस बुडतो. मुंबईच्या सवयीने वागशील तर हुकशील. तिथल्यापेक्षा इथे वीस-पंचवीस मिनिटं आधीच सांज होते. पुढचा साधारण अर्धा तास आभाळ निळं असतं आणि त्याचा उजेड दिव्यांवर कुरघोडी करत नाही. तेवढ्यात काढ. तुळशीवृंदावन, कवेलू, शेजारच्या गच्चीवरचा आकाशकंदील, सगळं आपापल्या जागी दिसतं. सातनंतर तोच कंदील फोटोत नुसता अधांतरी लटकतो.

लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे चंद्राची मदत नाही. मग मोबाइलने काढशील तर तो आपली अक्कल चालवतो आणि नाइट मोडमध्ये ओसरीवर भर दुपार करून टाकतो. पणतीची ज्योत पांढरा ठिपका होऊन बसते. तसं होऊ देऊ नको. ज्योतीवर बोट दाबून धर, फोकस बांधला गेला की बाजूचं सूर्याचं चिन्ह खाली ओढ. ज्योतीचा पिवळा, बुडाचा निळा आणि वातीचं काळं टोक वेगवेगळं दिसेपर्यंत. भिंत अंधारात गेली तर जाऊ दे. लोक फोटो उजळ करण्यामागे लागतात, पण दिवाळी दिसते ती अंधारामुळेच.

यावरून आठवलं. हिंदुस्थानाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन 1823 साली आपल्याच गावी वारला. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टने दूरच्या ठिकाणांवर रात्री दिवे लावून कोन मोजले. दिवसाच्या धुरकट हवेत जी खूण सापडत नव्हती, ती अंधारात एका दिव्याने सापडली.

तुझा नवा कॅमेरा ट्रायपॉडवर लाव, आयएसओ 100 ठेव, छिद्र एफ-11 च्या आसपास, शटर दोन-चार सेकंद आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. छिद्र बारीक असलं की दूरच्या बल्बांना टोकं फुटतात.

आता एक गंमत कर. विजेच्या माळेसमोर शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून कॅमेरा आडवा फिरव. स्वस्तातली एलईडीची माळ असेल तर रेघ बहुधा तुटक येईल, टिंबाटिंबांची. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. त्या तालावर हे दिवे विझतात-पेटतात, आपल्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. मग पणतीसमोर तसाच फिरव. रेघ सलग येईल, जाड-बारीक होत. माळेचा साधा फोटो काढतानाही शटर 1/50 पेक्षा वेगवान ठेवू नको, नाहीतर निम्मे दिवे विझलेले सापडायचे.

पण माझं ऐकशील तर लायटिंगवर सगळी संध्याकाळ घालवू नको. हे कापसाचं गाव. इथला बनी कापूस एके काळी विलायतेत नावाजलेला. आजी दिवाळीच्या आधी वाती वळायला बसते तेव्हा समोर बस. सरकी काढलेला कापूस ती आधी बोटांनी पिंजते, चिमटीला जराशी राख लावते, मग तळहातावर एकाच दिशेने वळते. उजव्या अंगठ्याची कड त्यानेच घासून गुळगुळीत झाली आहे. खोलीतला दिवा बंद कर, एकच पणती तिच्या डावीकडे ठेव आणि त्या उजेडात हात टिप. शटर 1/15 वर येईल, हात थोडे हलतील, हरकत नाही. तिला मात्र ‘स्थिर बस’ म्हणू नकोस, ती ऐकणार नाही आणि वर तुलाच वाती वळायला बसवेल.

तारेचा लोकरीसारखा बोळा पेटवून गरगर फिरवायचा, ठिणग्यांची चक्रं टिपायची, हे इंटरनेटवरचं खूळ इथे नको. या दिवसांत जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग उघड्यावर पडलेले असतात. ठिणगीची हौस अंगणात फुलझडीवर भागव, आणि शेजारी पाण्याची बादली ठेव.

ट्रायपॉड विकत घेऊ नको, माझा आहे. एक पाय सैल झालाय, त्याला सुतळी बांधली आहे.

तुझा,
मामा