खांबाची नाडी

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यांतील पोशेरा हें गांव पाहण्याचा योग आम्हांस श्रावण सरतां सरतां आला. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगराळ मुलुखांत पाऊस असा कोसळतो कीं, येथें लांकडाचें घर टिकतें तरी कसें, हा प्रश्न सहजच मनांत आला.

ज्या वृद्ध गृहस्थाच्या ओटीवर आम्ही टेकलों, त्याच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनें लिंपलेल्या. सारा भार मेढींवर. त्यानें कोयत्याच्या मुठीनें एक मेढ ठोकून दाखविली. वर आवाज खणखणीत, जमिनीलगत मात्र बद्द. यांत मोठें शास्त्र आहे. लांकूड कुजण्यास ओल व हवा दोन्ही लागतात. खोल मातींत हवा कमी, वरच्या भागीं ओल ठरत नाहीं. म्हणून मेढ खचते ती नेमकी जमिनीच्या रेषेवर. वरचे वासे चुलीच्या धुरानें कोरडे राहतात.

मेढ बदलतां येते. वाड्याचा खांब बदलणें इतकें सोपें नाहीं. येथें आम्हांस पुण्याचा विश्रामबागवाडा आठवला. दुसऱ्या बाजीरावानें बांधलेल्या या वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा उघडली. १८७९ च्या आगीची झळ त्यास लागली, तरी सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांचा दर्शनी भाग आजही उभा आहे. जुन्या वाड्यांचे खांब दगडी तळखड्यावर असल्यामुळें बुंधा बहुधा सुरक्षित असतो. खरें दुखणें तुळईचें टोक भिंतींत शिरतें तेथें. तें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तेथें कोयत्याची मूठही पोहोंचत नाहीं.

तेथेंच आतां संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवितात. लांकडांत दोन बारीक खिळे रोवलेले असतात. ओल्या लांकडांतून वीज अधिक सहज वाहते, त्यावरून ओलीचें प्रमाण कळतें. तें शेंकडा २० च्या खालीं असेल तर बुरशी सहसा धरत नाहीं. पावसाळ्यांत आंकडा चढला म्हणून घाबरूं नये. मार्गशीर्षांतही तो उतरला नाहीं, तर मात्र पाणी कोठून मुरतें तें शोधावें. दुसरें यंत्र खांबाचा कल मोजतें. चीनमधील यिंगश्येन येथील १०५६ सालच्या लांकडी मनोऱ्याचा कल असाच वर्षानुवर्षें मोजला जात आहे. लांकूड ऋतूप्रमाणें फुगतें व आकसतें. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदींवांचून निदान करूं नये.

दर मृगापूर्वीं पुण्या-नाशकांत धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, आणि भाऊबंद पाडावें कीं राखावें यावर भांडूं लागतात. त्या भांडणांत एकाजवळही आंकडा नसतो! आम्हांस कोणी विचारील तर पहिला संवेदक नक्षीदार खांबावर, पाहुण्यांस दिसेल असा, मुळींच बसवूं नये. जुन्या सुताराला सोबत घेऊन न्हाणीघराजवळची तुळई प्रथम शोधावी.