धनी नसलेल्या भूमीचा केरकचरा

आम्ही वकिली करणारे लोक. जमिनीचे प्रकरण पुढे आले की पहिला प्रश्न ठरलेला: धनी कोण? मालकी ठरली म्हणजे कर्तव्ये तिच्यामागून चालत येतात, हे आमच्या व्यवसायातील गृहीत होय. अंटार्क्टिका खंडात मात्र हे गृहीत चालत नाही. त्या भूमीवर सात राष्ट्रे हक्क सांगतात; परंतु १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी केलेल्या संधीच्या चौथ्या कलमाने ते हक्क ना मान्य केले, ना नाकारले. मग जेथे धनीच नाही, तेथील केर काढावा कोणी?

प्रश्न क्षुल्लक नव्हे. आपल्याकडे टाकलेली पत्रावळ ऊनपावसाच्या हवाली होऊन चार महिन्यांत मातीस मिळते. तेथे थंडीमुळे कुजणे जवळजवळ थांबलेले असते. बर्फात पुरावे, तर बर्फही स्थिर नाही. तो हळूहळू समुद्राकडे सरकतो आणि पोटातले एक दिवस बाहेर टाकतो. तरीही आरंभीच्या काळात उकिरडे तेथेच सोडून येण्याचा रिवाज होता. १९६९ साली सोडलेल्या विल्क्स तळावर कितीतरी सामान व कचरा तसाच मागे राहिला. अमेरिकेने मॅकमर्डो येथे १९६२ साली चालू केलेली अणुभट्टी १९७२ साली बंद केली, तेव्हा मात्र भट्टीबरोबर तिच्याखालची दूषित मातीही खणून जहाजाने मायदेशी नेली. किरणोत्सारी कचरा तेथे टाकण्यास मूळ संधीच्या पाचव्या कलमाने मनाई होतीच.

पुढे ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरणरक्षणाचा पूरक करार झाला व १९९८ साली तो अंमलात आला. त्याचे तिसरे परिशिष्ट सर्वस्वी कचऱ्यासंबंधी आहे, आणि त्याची भाषा एखाद्या करड्या गृहिणीची आहे. विजेच्या बॅटऱ्या, उरलेले इंधन, वंगणतेल, रबर, इंधनाची रिकामी पिंपे परत न्यावीत. उघड्यावर कचरा जाळणे १९९८-९९ च्या हंगामाअखेर बंद करावे. निर्जंतुक न केलेली माती आणि वेष्टनातील थर्मोकोलचे मणी तेथे आणूच नयेत. सुमारे तीस माणसे राहतात त्या तळाचा मैला समुद्रात सोडण्यापूर्वी निदान बारीक करावा. जुने उकिरडेसुद्धा ज्याने केले त्यानेच उपसावेत.

ह्या शेवटच्या नियमास दोन अपवाद आहेत. वास्तू ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाली असेल, किंवा कचरा काढण्याने तो राहू देण्यापेक्षा अधिक हानी होणार असेल, तर तो तेथेच राहू शकतो. पहिला अपवाद आम्हांस पटतो. स्कॉटची केप इव्हान्स येथील झोपडी कोणी केर म्हणून उचलू नये. दुसरा मात्र निसरडा आहे. हानीचा हिशेब प्रथम मांडणार तोच, ज्याने कचरा केला! आरोपीनेच पंचनामा लिहावा, त्यातला हा प्रकार. ह्यावर उतारा मूळ संधीच्या सातव्या कलमात आहे: सल्लागार राष्ट्रांचे निरीक्षक कोणाच्याही तळावर केव्हाही जाऊन पाहू शकतात. शेजाऱ्यास आपले परसू पाहण्याचा असा हक्क आपल्या कोणत्याही ग्रामपंचायतीने दिलेला नाही.

गोमंतकीयांस हा विषय परका वाटू नये. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि मैत्री व भारती ह्या तळांचा कारभार पाहणारी संस्था वास्को येथे आहे. भारत १९८३ साली ह्या संधीत सामील झाला. २०२२ साली संसदेने भारतीय अंटार्क्टिका अधिनियम संमत करून कचऱ्याच्या नियमांस स्वदेशी कायद्याचे व शिक्षेचे बळ दिले. धनी नसल्याची अडचण अशी सुटली. तेथे कायदा जमिनीच्या मागे जात नाही, माणसाच्या मागे जातो. जो तेथे पाय ठेवील त्याच्याबरोबर त्याच्या देशाचा कायदा बोटीत चढतो.

आपल्या नद्या, घाट व रस्ते ह्यांना धनी पुष्कळ आहेत. तरीही तेथला केर कोणाचा, हा प्रश्न आमच्या न्यायालयांतून वर्षानुवर्षे भिजत पडतो. मालकीवाचून कर्तव्य उभे राहू शकते, एवढे त्या निर्मनुष्य खंडाकडून शिकलो तरी पुष्कळ झाले.