गजावरची खूण

भाच्याची स्पर्धा होती म्हणून बालेवाडीच्या रेंजवर गेलो होतो. बघायला नेमबाजीइतका कंटाळवाणा खेळ दुसरा नसेल. माणसं पाठमोरी उभी, टप् टप् आवाज, आणि 10 मीटरवर काय झालं ते पडद्यावर आकडा उमटला की कळणार. मधल्या दहाची टिकली अर्ध्या मिलिमीटरची. आमच्या चष्म्याला तिथे काळा ठिपकासुद्धा धड दिसत नाही.

जांभया देत इकडेतिकडे बघत होतो, तेव्हा अगदी कडेच्या लेनवर व्हीलचेअरमधली एक मुलगी दिसली. वय सतरा-अठरा. तिची रायफल एका स्टँडवर टेकलेली होती आणि शेजारी तिची आई उभी. आईच्या डाव्या तळहातावर पेलेटची चपटी डबी. ती चिमटीने एक पेलेट उचलायची, बंदुकीत ठेवायची, खटका बंद करायची आणि दोन पावलं मागे सरून खाली फरशीकडे बघत राहायची. लक्ष्याकडे नाही, मुलीकडेही नाही. टप् झालं की पुन्हा पुढे. असं निदान चाळीस वेळा तरी मी पाहिलं. मधल्या वेळात भाचा काय करत होता ते विचारू नका.

नंतर कुणीतरी सांगितलं, हा एसएच-2 गट. हातांनी बंदुकीचं वजन पेलता येत नाही अशांचा. त्यांना स्टँडची मुभा असते, पण त्या स्टँडला स्प्रिंग असते आणि ती मऊ असते. बंदूक तिच्यावर डुलते. म्हणजे भार घेतला जातो, नेम घेतला जात नाही. बंदूक भरायलाही माणूस घेता येतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे हा आपल्याकडे शिवीच्या जवळ जाणारा वाक्प्रचार. तो ज्याने पाडला त्याने बंदूक कधी उचलली नसावी. रिकामी एअर रायफलसुद्धा पाच किलोच्या आसपास भरते.

वर्तमानपत्रांना अशा मुलींबद्दल एकच मथळा सुचतो: ‘अपंगत्वावर मात’. मला त्या ‘मात’चा राग आहे. बुद्धिबळात मात होते आणि डाव संपतो. इथे स्पर्धा संपल्यावर त्याच खुर्चीतून घरी जायचं असतं आणि वाटेत जिना लागतो. जयपूरच्या अवनी लेखराला 2012 च्या अपघातानंतर खुर्ची आली. 2021 मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये तिने 24 गोळ्यांत 249.6 गुण केले. एका गोळीला जास्तीत जास्त 10.9 मिळतात, तिची सरासरी 10.4 पडते. पुढे पॅरिसला 249.7. तीन वर्षांत दशांश एकची वाढ आणि पुन्हा सुवर्ण! टोकियोलाच आमच्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर चौथा आला. चौथ्याचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि हंगेरीचा कारोली टाकाच. 1938 मध्ये हातबॉम्बने त्याचा उजवा हात गेला, तेव्हा तो डाव्या हाताने पिस्तूल शिकला आणि 1948 आणि 1952 अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं घेऊन बसला. टाकाचबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आठवले ते आमचे भाऊकाका.

भाऊकाकांच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता आणि त्याच्या शेजारची दोन बोटंही नव्हती. राजापूर तालुक्यातलं आमचं घर. रानडुकरं भाताची नासाडी करत, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची एक बंदूक घरात होती. तिने डुक्कर मेल्याचं मला आठवत नाही. रात्री हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि डुकरांना ते बरोबर कळायचं असं काकू म्हणायची.

बंदूक भरण्याचा सोहळा संध्याकाळी ओटीवर. विडी ओढणाऱ्याला तेवढा वेळ पायरी चढायला बंदी. काका ओटीच्या कडेला बसत, बंदुकीचा दस्ता खाली खळ्यात दोन पावलांच्या बेचक्यात, नळी डाव्या कोपराच्या खोबणीत आणि तिचं तोंड स्वतःच्या तोंडापासून दूर, माडाकडे कललेलं. दारूच्या डब्यातून थेट नळीत कधी ओतायचे नाहीत. नळीत एखादी ठिणगी राहिली असेल तर डबाच हातात फुटेल. आधी बांबूच्या मापात, डब्याला झाकण, डबा माजघरात, मग माप नळीत. हे डबा आत नेऊन ठेवणं माझं काम. मग काथ्याची गोळी, ती गजाने ठासायची, मग छर्रे, वर परत काथ्या. बार पेटवणारी टोपी सदऱ्याच्या खिशात. ती बसवायची शेतावर गेल्यावर, सगळ्यात शेवटी.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. काका गज नुसताच नळीत सोडायचे. गजावर कानशीने पाडलेली एक खूण होती. खूण नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी. चार बोटं वर राहिली तर आत बार आहे. ते उजव्या हाताची चार बोटं लावून बघायचे, एकदा नव्हे, दोनदा. अंधार पडला असेल तर नखाने चाचपून.

‘मधे बोललास तर परत पयल्यापासून,’ एवढंच ते मला म्हणत. एकदा मी बोललो. शाळेतलं काहीतरी सांगायचं होतं. काकांनी एक शब्द न बोलता माप रिकामं केलं, मला डबा परत आणायला लावला आणि गज पुन्हा नळीत सोडला. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

बोटांची हकिकत मी मोठा झाल्यावर ऐकली. बाविसाव्या वर्षी मचाणावर ते बंदूक भरत होते, खालून कुणीतरी हाक मारली. त्यांनी ओ दिली, दोन गोष्टी झाल्या. मग वर वळून त्यांनी बंदूक भरली. ती आधीच भरलेली होती. काका हे सांगताना हाक मारणाऱ्याचं नाव घेत नसत.

चार वर्षांपूर्वी ओहायोला चुलतभावाकडे होतो. त्याची उजवी बाजू अर्धांगाने गेलीय, पण रायफलचा नाद सुटलेला नाही आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे काडतुसं तो घरीच भरतो. (.22 ची भरता येत नाहीत. त्यांचा मसाला बुडाच्या कडेत असतो, फुटलं की संपलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य घेतलं ती रायफल याच जातीची.) गॅरेजमध्ये त्याचा दाब-यंत्राचा दांडा डाव्या हाताला बसवून घेतलेला. पितळी पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पन्नास उभ्या. टेबलावर दारूची बाटली एका वेळी एकच, ती मांड्यांत धरून झाकण उघडायचं. सगळ्या भरून झाल्या की तो विजेरी घेऊन एकेकीत डोकावतो: कुणात दुप्पट नाही ना, कुणी उपाशी नाही ना. मग गोळ्या बसवायच्या. मी बघत असताना दाराची घंटा वाजली. कुरिअरवाला होता. भाऊ परत आला आणि भरलेल्या एकोणीस पुंगळ्या त्याने एकेक करून बाटलीत रिकाम्या केल्या.

‘काकांकडनं शिकलास?’ मी विचारलं.

‘कोण काका?’ तो म्हणाला. तो मुंबईत वाढलेला, गावी मे महिन्यात आंब्यांपुरता यायचा.

भाऊकाका गेल्यावर परवाना कुणी आपल्या नावावर करून घेतला नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली ती कायमची. गज मात्र घरीच राहिला. वहिनीने त्याचा माजघराच्या दाराला पडद्याचा दांडा केलाय. पडदा पूर्ण सरकवला की डावीकडे ती खूण दिसते.