चकतीवरचं पिरिडिन

सिलिका-अ‍ॅल्युमिनाची भुकटी डायमध्ये दाबताना मी कोणाशी बोलत नाही. चौरस सेंटिमीटरला १०-१५ मिलिग्रॅम माल पुरे. जास्त झाला तर अवरक्त किरण पलीकडे निघत नाहीत, कमी झाला तर चकती चिमट्याने उचलतानाच तडकते. पोटॅशियम ब्रोमाइड मिसळलं की चकती झकास जमते, पण मग पृष्ठभाग निखळ राहत नाही.

चकती सेलमध्ये बसवून ४५० अंशांना रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवायची, म्हणजे हवेतून ओढलेलं पाणी निघून जातं. थंड झाल्यावर नुसत्या चकतीचा स्पेक्ट्रम घ्यायचा. मग पिरिडिनची वाफ सोडायची आणि १५० अंशांना पुन्हा पंप लावून सैल बसलेलं पिरिडिन काढून टाकायचं.

उरलेल्या पिरिडिनकडून पृष्ठभागावरच्या आम्लाची जात कळते. पॅरी यांनी १९६३ मध्ये दाखवलेली ही रीत आजही चालते. पिरिडिनच्या नायट्रोजनने आपली इलेक्ट्रॉनांची जोडी उघड्या अ‍ॅल्युमिनियमला दिली असेल, तर सेंटिमीटरमागे १४५० लाटांच्या आसपास पट्टा येतो. पृष्ठभागानेच त्याला प्रोटॉन दिला असेल, तर १५४० ला. १४९० चा पट्टा दोघांचा सामाईक, त्याच्यावर भिस्त ठेवू नये. नुसत्या अ‍ॅल्युमिनावर १५४० दिसत नाही, सिलिका-अ‍ॅल्युमिनावर दोन्ही दिसतात. आणि आता सेलमध्ये पाण्याची जराशी वाफ सोडा: १४५० उतरतो, १५४० चढतो. आम्लाचा प्रकार डोळ्यांदेखत बदलतो! इतक्या वेळा पाहूनही मी त्या वेळी पडद्यासमोरून उठत नाही. म्हणूनच, चकती कशी आणि किती वाळवली हे न सांगता दिलेल्या आम्लतेच्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

विद्यार्थी वजाबाकीचा स्पेक्ट्रम, म्हणजे पिरिडिननंतरच्यातून नुसत्या चकतीचा वजा केलेला, १४०० ते १७०० एवढाच कापून आणतात. मी वरचा भागही मागते. झेडएसएम-५ या जिओलाइटवर सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामधल्या हायड्रॉक्सिलचा पट्टा ३६१० ला असतो. पिरिडिन आलं की तो जातो, वजाबाकीत तिथे खड्डा पडतो. ३७४५ चा सिलॅनॉलचा टोकदार पट्टा मात्र जवळजवळ तसाच राहतो. १५४० वरून प्रोटॉन दिला गेला एवढंच समजतं. कोणाचा गेला, ते या खड्ड्यावरून.

पुढे २५०, मग ३५० अंशांना पंप लावायचा. ३५० लाही टिकलेलं पिरिडिन ही जोरकस आम्लाची खूण. मात्र प्रत्येक वेळी चकती पुन्हा एकाच ठरलेल्या तापमानाला आणून मोजायची, कारण गरम चकतीवर पट्टे रुंदावतात, सरकतात, आणि मग त्यांची क्षेत्रफळं एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.